टिकलीची फाटकी शेपटी

एक होती टिकली.

टिकली म्हणजे कपाळावरची टिकली नाही हं! ही टिकली म्हणजे मासोळी. एवढीशी. केशरी केशरी. मागे पंख्यासारखी शेपटी.

टिकली राहायची काचेच्या पेटीत. पेटी होती दुकानात. दुकान होतं रंजनामावशीचं. कपडे शिवायचं दुकान. एका बाजूला पिठाची गिरणी, घर्र घर्र घर्र. एका बाजूला बांगड्यांचं दुकान, किण किण किण. मधे मावशीचं मशीन, खडखड खडखड खडखड.

टेबलावर मशीन. मशीनशेजारी पेटी. पेटीत पाणी. पाण्यात बुडबुडे, बुडुबुडु बुडुबुडु.

आणि बुडबुड्यांमधून टिकली पोहायची. सुळ्ळ सुळ्ळ, सुळ्ळ सुळ्ळ!

एक दिवस मावशीने नवा मासा आणला. मोठा. अंगावर काळे पट्टे. नाव पट्टेराव.

पट्टेरावाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तोंडाने खडे उकरले, थू थू करून लांब उडवले. मग म्हणाला,

"हे पाणी माझं. हे खडे माझे. हे बुडबुडे माझे. सगळं सगळं माझं!"

टिकली म्हणाली, "थोडं माझं?"

"नाही!" पट्टेराव म्हणाला.

सटकन आला. कच्चकन चावला.

आई गं!

टिकलीची शेपटी फाटली. अर्धी राहिली. अर्धी गेली.

टिकली रडली. पण पाण्यात रडली, म्हणून कुणाला दिसलंच नाही.

टिकली पळाली. आता सुळ्ळ सुळ्ळ होईना. लटपट लटपट, लटपट लटपट. मागे पट्टेराव. "कुठे जातेस? सगळं माझं!"

पेटीच्या कोपऱ्यात होतं एक मडकं. लहान तोंडाचं, मोठ्या पोटाचं. त्या तोंडातून टिकली जाईल. पट्टेराव मावायचा नाही.

लटपट लटपट टिकली गेली मडक्याकडे.

"मडकेबुवा, मडकेबुवा, मला आत घे ना!
पट्टेराव पाठ सोडेना,
माझी शेपटी फाटली, बघ ना!"

मडकं म्हणालं, "घेईन गं बाळ. पण कसं घेऊ? पट्टेरावाने खडे उडवले, ते माझ्या तोंडात अडकले. गोगलगाय खडे ढकलेल, मग मी आत घेईन."

"बरं," म्हणाली टिकली.

लटपट लटपट टिकली गेली गोगलगाईकडे. गोगलगाय काचेला चिकटली होती. हळू... हळू... हळू... वर चालली होती.

"गोगलताई, गोगलताई, खडे ढकल ना!
मडकं आत घेईना,
पट्टेराव पाठ सोडेना,
माझी शेपटी फाटली, बघ ना!"

गोगलगाय म्हणाली, "ढकलीन... गं... पण... पोटात... काही... नाही."

तिने एक जांभई दिली. ती जांभईसुद्धा हळूच दिली.

"वेल... पान... देईल, मग... मी... खडे... ढकलीन."

"बरं," म्हणाली टिकली.

लटपट लटपट टिकली गेली वेलीकडे. पाण्यातली वेल. हिरवी असायची, पण आज मान खाली घालून बसली होती.

"वेलीबाई, वेलीबाई, एक पान दे ना!
गोगलगाय खडे ढकलेना,
मडकं आत घेईना,
पट्टेराव पाठ सोडेना,
माझी शेपटी फाटली, बघ ना!"

वेल म्हणाली, "पान देईन गं. पण अंगात जोरच नाही. किती अंधार इथे! दिवा लागेल, मग मी पान देईन."

"बरं," म्हणाली टिकली.

दिवा होता वर. पेटीच्या झाकणाला. टिकली वर निघाली. लटपट लटपट. जरा थांबली. दम घेतला. पुन्हा लटपट लटपट. आली बाई वर!

"दिवेदादा, दिवेदादा, लाग ना रे!
वेल पान देईना,
गोगलगाय खडे ढकलेना,
मडकं आत घेईना,
पट्टेराव पाठ सोडेना,
माझी शेपटी फाटली, बघ ना!"

दिवा म्हणाला, "मी तर कालपासून वाट बघतोय! पण मावशी आहे कामात. विसरूनच गेली मला. मावशी बटण दाबेल, मग मी लागेन."

"बरं," म्हणाली टिकली.

लटपट लटपट टिकली गेली काचेपाशी. काचेच्या पलीकडे मावशी. गळ्यात टेप, कानामागे खडू. एका हातात गुलाबी फ्रॉक. एका हातात दोऱ्याचं टोक. मावशी दोरा ओढत होती. दोरा येत नव्हता.

टिकलीने नाकाने काच वाजवली. टक टक टक!

"मावशी, मावशी, बटण दाब ना गं!
दिवा लागेना,
वेल पान देईना,
गोगलगाय खडे ढकलेना,
मडकं आत घेईना,
पट्टेराव पाठ सोडेना,
माझी शेपटी फाटली, बघ ना!"

पण तिकडे गिरणी सुरू झाली. घर्र घर्र घर्र! मावशीला ऐकू आलं फक्त 'बटण दाब ना गं'. बाकीचं सगळं गिरणीत गेलं.

मावशी मान खाली घालूनच म्हणाली, "अगं टिकले, बटण कुठल्या हाताने दाबू? या हातात फ्रॉक. या हातात दोरा. दोऱ्याचा झालाय गुंता! संध्याकाळी कावेरी येईल फ्रॉक न्यायला. तिचा वाढदिवस आहे ना! दोरा सुटेल, मग मी बटण दाबीन."

"बरं," म्हणाली टिकली. पण यावेळी हळूच म्हणाली. दमली होती ना ती.

मागून पट्टेराव आला. "इथे काय करतेस? ही काचसुद्धा माझी!"

टिकली पळाली. लटपट लटपट, लटपट लटपट. पेटीच्या दुसऱ्या टोकाला. तिथे काचेला बाहेरून टेकून पडला होता दोरा. गुलाबी दोरा. इकडून वेढा, तिकडून गाठ.

"दोरेभाऊ, दोरेभाऊ, सूट ना रे!
मावशी बटण दाबेना,
दिवा लागेना,
वेल पान देईना,
गोगलगाय खडे ढकलेना,
मडकं आत घेईना,
पट्टेराव पाठ सोडेना,
माझी शेपटी फाटली, बघ ना!"

दोरा म्हणाला, "कसा सुटू? माझ्यावर बसलंय कोण, ते बघ तरी! भुरी उठेल, मग मी सुटेन."

टिकलीने वर पाहिलं.

बापरे!

भुरी म्हणजे मांजर. मोठ्ठी मांजर! मिशा एवढ्या. पोट एवढं. टेबलावर ऊन आलं होतं. उन्हात होता दोरा. दोऱ्यावर होती भुरी. डोळे मिटून, घुर्र घुर्र घुर्र.

मासोळीने मांजराशी बोलायचं? टिकली मागे सरली. ती दोन बुडबुड्यांच्या मागे लपली. बुडबुडे फुटले. मग कुठे लपणार?

टिकलीने डोळे मोठे केले. नाक काचेला लावलं. टक... टक... टक.

"भुरीताई, भुरीताई, ऊठ ना गं!
दोरा सुटेना,
मावशी बटण दाबेना,
दिवा लागेना,
वेल पान देईना,
गोगलगाय खडे ढकलेना,
मडकं आत घेईना,
पट्टेराव पाठ सोडेना,
माझी शेपटी फाटली, बघ ना!"

भुरीने एक डोळा उघडला.

"मी? मी उठू? म्यॅऽऽव! ऊन कसं छान आहे. दोरा कसा मऊ आहे. मावशी हाका मारून दमली. गिरणी घरघर करून दमली. मी नाही उठले. आणि तू मला उठवणार? टिकलीएवढी टिकली!"

भुरीने डोळा मिटला. घुर्र घुर्र घुर्र.

आता कुणाकडे जायचं? आता कुणीच उरलं नाही.

टिकली एकटीच म्हणाली,

"भुरी उठेना,
दोरा सुटेना,
मावशी बटण दाबेना,
दिवा लागेना,
वेल पान देईना,
गोगलगाय खडे ढकलेना,
मडकं आत घेईना,
पट्टेराव पाठ सोडेना,
माझी शेपटी फाटली..."

पुढचं 'बघ ना' तिने म्हटलंच नाही. कुणाला म्हणणार?

तिने मागे वळून स्वतःच स्वतःची शेपटी पाहिली.

"अर्धी गेली," टिकली म्हणाली. "पण अर्धी आहे की!"

झाकणाला होती एक फट. मावशी तिथून दाणे टाकायची. टिकली त्या फटीखाली गेली. अर्धी शेपटी उचलली आणि पाण्यावर मारली.

फट्ट!

एक थेंब उडाला. पुन्हा पाण्यातच पडला. टुप.

खालून पट्टेराव निघाला. "कोण ते माझ्या पाण्यावर मारतंय?"

टिकलीने पुन्हा शेपटी उचलली. दुखली. तरी उचलली. फट्ट!

थेंब उडाला. काचेच्या काठावर बसला.

पट्टेराव आणखी जवळ आला. त्याने आऽऽ केला!

टिकलीने डोळे मिटले. होता नव्हता तेवढा जोर लावला.

फट्टाक्!

थेंब उडाला. फटीतून गेला. काठावरून गेला. उन्हात चमकला आणि पडला, कुठे? भुरीच्या नाकावर. टप!

"आँऽऽक्‌छी!"

भुरी उडाली. हातभर उडाली! पाठ झाली कमान, शेपूट झालं झाडू. पट्टेरावसुद्धा दचकून मागे गेला.

भुरी उठली, दोरा सुटला. सर्र सर्र सर्र!

दोरा सुटला, मावशीचा हात सुटला. "अगं बाई, सुटला की!" मावशी म्हणाली. "थांब हं टिकले, आता बटण." टक!

मावशीने बटण दाबलं, दिवा लागला. लख्ख!

दिवा लागला, वेलीने मान वर केली. "हाऽऽ, किती बरं वाटलं!" वेलीने पान दिलं. तरंग तरंग तरंग, पान खाली आलं.

वेलीने पान दिलं, गोगलगाईने खाल्लं. कुरुम कुरुम कुरुम. पोट भरलं, जोर आला. "आता... बघच... माझी... गंमत!" हुश्श करून गोगलगाय खड्यांना लागली. हा खडा गेला, गड गड. तो खडा गेला, गड गड. शेवटचा खडा गेला, गड गड धुप्प!

खडे गेले, मडक्याचं तोंड उघडलं.

"ये गं बाळ, ये लवकर!"

पुढे टिकली, मागे पट्टेराव. लटपट लटपट, सटासट सटासट. लटपट लटपट, सटासट सटासट. टिकली आत...

सुर्र!

आणि पट्टेराव? धडाम्! मडक्यावर आपटला. नाक आत गेलं, पोट बाहेर राहिलं.

"हे मडकंसुद्धा माझं!" पट्टेराव म्हणाला.

"मी कुणाचंच नाही," मडकं म्हणालं. "पण आत आहे टिकली."

आता पेटीत उजेड होता. मावशीने वाकून पाहिलं. डोळ्यांवरचा चष्मा वर केला, खाली केला. मडक्यातून दिसली अर्धी शेपटी.

"अगं माझे बाय! शेपटी कुठे गेली तुझी? आणि मी मेली दोरा ओढत बसले! पट्टेराव, तू चावलास ना हिला?"

पट्टेराव मडक्यापासून बाजूला झाला. नाक चोळत बसला.

"मावशी," टिकली म्हणाली, "तू फाटकं शिवतेस ना? माझी शेपटी शिवून दे."

मावशी हसली. गिरणी आता थांबली होती. तिला सगळं नीट ऐकू आलं.

"अगं वेडे, फ्रॉक शिवतात. शेपटी नाही शिवत. शेपटी आपली आपण येते. स्वच्छ पाणी हवं. पोटभर दाणे हवेत. आणि कुणी चावायला नको. एवढं मी करते, बाकीचं तू कर."

"मी काय करू?"

"तू आराम कर."

मावशीने फ्रॉकची उरलेली जाळी घेतली. पांढरी जाळी. तिला चारी बाजूंनी तार घातली. खडखड खडखड, मशीनवर शिवली. छान चौकोनी पडदा झाला. तो बसवला पेटीच्या मधोमध. पाणी जाईल, बुडबुडे जातील, उजेड जाईल. मासा नाही जाणार.

या बाजूला टिकली, मडकं, वेल आणि गोगलगाय. त्या बाजूला पट्टेराव.

पट्टेराव एकटा पडला. गोल गोल फिरला. फुरंगटून बसला. मावशीने त्याला एक कौल दिलं. लाल कौल, छपरासारखं.

"हे घे तुझं घर. नव्या जागी आलास, घर नाही, दार नाही. म्हणून आलास चावायला. हो ना?"

पट्टेराव कौलाखाली गेला. बाहेर डोकावला. "हे माझं?"

"हो. हे तुझं."

"नक्की माझं?"

"नक्की तुझं. पण जाळीच्या त्या बाजूचं टिकलीचं."

पट्टेरावाने विचार केला. कौलाखाली अंग पसरलं. आणि झोपला की! बरेच दिवस नीट झोपलाच नव्हता तो.

संध्याकाळी कावेरी आली. बाबांचा हात धरून आली. गुलाबी फ्रॉक घातला, गरकन गिरकी घेतली. मग तिचं लक्ष गेलं पेटीकडे. नाक काचेला चपटं करून म्हणाली,

"मावशी, हिची शेपटी अर्धीच कशी?"

"फाटली गं. पण येते आहे नवी."

"येते? आपोआप?" कावेरीने मोठ्ठा आऽ केला. मधला दात नव्हता तिथे. "माझा पण दात पडला! बाबा म्हणाले, नवा येतो. हा बघ टिकले, येतोय का?"

टिकली मडक्यातून बाहेर आली. कावेरीच्या तोंडात नीट पाहिलं. हिरडीवर एक पांढरा ठिपका होता.

"येतोय," टिकली म्हणाली. बुडुक!

कावेरी खुदुखुदु हसली.

मग दिवस गेले. मावशी रोज दिवा लावायची. थोडं पाणी काढायची, थोडं नवं घालायची. फटीतून दाणे टाकायची. टिकली दाणे खायची, मडक्यात निजायची. दाणे खायची, मडक्यात निजायची.

एक दिवस पट्टेराव जाळीपाशी आला.

"टिकले, दुखतं का अजून?"

"थोडं."

पट्टेरावाने जाळीतून तिची शेपटी पाहिली. मग म्हणाला, "मी फार जोरात चावलो."

"हो," टिकली म्हणाली. "फारच."

"आता नाही चावणार."

"जाळी आहे ना, म्हणून?"

"जाळी आहे म्हणून," पट्टेराव म्हणाला. मग कौलाकडे बघून म्हणाला, "आणि घर आहे म्हणून."

टिकलीच्या शेपटीला आधी आली एक पातळ किनार. पापुद्र्यासारखी. तिच्यातून पलीकडचं दिसायचं! मग किनार वाढली. मग पिवळी झाली. मग केशरी.

एक दिवस सकाळी गिरणी सुरू झाली, घर्र घर्र घर्र. बांगड्या वाजल्या, किण किण किण. टिकली मडक्यातून बाहेर आली. लटपट करायला गेली, पण लटपट झालीच नाही.

सुळ्ळ!

टिकली थांबली. पुन्हा करून पाहिलं.

सुळ्ळ सुळ्ळ!

"मावशी, मावशी, शेपटी आली! बघ ना!"

मावशीने पाहिलं. "आली की गं! अख्खी आली!"

मडक्याने पाहिलं. वेलीने पाहिलं. दिव्याने वरून पाहिलं. भुरीने लांबूनच पाहिलं. हो, आता ती पेटीपासून लांबच बसते. गोगलगाय हळू... हळू... वळायला लागली, आणि ती वळेपर्यंत टिकलीच्या तीन फेऱ्या झाल्या.

पट्टेराव कौलाखालून बाहेर आला. "पळायची शर्यत?"

"तू त्या बाजूने!"

"तू या बाजूने!"

एक, दोन, साडेमाडे... तीन!

तो सटासट, ती सुळ्ळ सुळ्ळ. मधे पांढरी जाळी. बुडबुडे म्हणाले, बुडुबुडु बुडुबुडु. गेले, गेले, काचेपाशी पोचले. कोण आलं पहिलं?

टिकली!

गोष्ट गेली पाण्यात,
बाळ राहिलं मांडीवर.